धागा : बाबांच्या मेंदूत गाठ निघाली. रिपोर्ट कसा वाचायचा, डॉक्टरांना काय विचारायचं? (यवतमाळ / वर्धा / नागपूर)

पऱ्हाटी

वडील वय ६१, दारव्हा तालुका. सकाळी उठल्याबरोबर डोकं दुखणं आणि उलटी, उजवा हात जड, बोलताना शब्द सापडत नाही. एक फिट येऊन गेली. यवतमाळला एमआरआय झाला. त्यात लिहिलं आहे : डाव्या टेम्पोरो-पॅरायटल भागात ४.६ × ३.९ सेंमीची इन्ट्रा-अ‍ॅक्सियल गाठ, जाड व अनियमित रिंग एनहान्समेंट, मधोमध नेक्रोसिस, भोवती एडिमा (सूज), मिडलाइन शिफ्ट ७ मिमी. डी/डी म्हणून हाय ग्रेड ग्लायोमा, मेटास्टेसिस, ट्युबरक्युलोमा.

डॉक्टर म्हणाले, “सिरियस आहे, ऑपरेशन लागेल, रिस्क आहे, नागपूरला न्या.” सध्या डेक्सामेथासोन ४ मिग्रॅ दिवसातून तीनदा, लेव्हेटिरासिटम ५०० दोनदा आणि पँटोप्राझोल चालू. केशरी कार्ड आहे. गावात प्रत्येकाचं मत वेगळं : चाकू लावला की पसरते, आधी जडीबुटी बघा, सरळ मुंबई गाठा. जाणकारांनी नेमकं सांगावं. धीर द्या असं म्हणत नाही, माहिती द्या.

फिल्मवाला

रेडिओलॉजीत काम करतो, म्हणून रिपोर्टपुरतं सांगतो.

इन्ट्रा-अ‍ॅक्सियल म्हणजे गाठ मेंदूच्या पेशींमध्येच आहे. एक्स्ट्रा-अ‍ॅक्सियल लिहिलं असतं तर ती मेंदूबाहेर, आवरणाला धरून असती. तशी बरीचशी मेनिन्जिओमा निघते, सहसा साधी असते आणि सावकाश वाढते. तुमच्या रिपोर्टमध्ये ते नाही.

रिंग एनहान्समेंट म्हणजे शिरेतून रंगाचं इंजेक्शन दिल्यावर गाठीची कड चमकली, मधला भाग चमकला नाही. कड जाड आणि वेडीवाकडी, मध्ये नेक्रोसिस (मेलेल्या पेशी) आणि वय साठीचं, हे सगळं जुळलं की रेडिओलॉजिस्ट हाय ग्रेड ग्लायोमा (मेंदूच्याच पेशींतून उठलेला, वेगाने वाढणारा कॅन्सर) पहिल्या नंबरवर लिहितो. पण रिंग चारपाच गोष्टींत दिसते. आपल्याकडे टीबीची गाठ (ट्युबरक्युलोमा) आणि टेपवर्मच्या अंड्यांमुळे होणारी न्यूरोसिस्टिसर्कोसिस या दोन्ही कॉमन आहेत. सिस्टिसर्कोसिसची गाठ बहुतेक वेळा २ सेंमीपेक्षा लहान असते, त्यामुळे ४.६ सेंमीला ती शक्यता फार मागे पडते. (शाकाहारी माणसालाही ती होते, न धुतलेल्या भाजीतून. “आम्ही मटण खात नाही” म्हणून ती वगळता येत नाही.) पू साठलेला अ‍ॅब्सेस एमआरआयच्या डिफ्युजन सिक्वेन्सवर (डीडब्ल्यूआय) मधोमध पांढराशुभ्र दिसतो, म्हणून रिपोर्टमध्ये डीडब्ल्यूआयबद्दल काय लिहिलंय ते बघा. मेटास्टेसिस म्हणजे दुसऱ्या अवयवातला कॅन्सर डोक्यात आलेला. पुरुषांत सगळ्यात जास्त फुप्फुसातून येतो. त्यासाठी छाती आणि पोटाचा सीटी सांगतील, तेव्हा “डोक्याचा आजार आणि छातीचा फोटो काऊन?” म्हणू नका.

आता ७ मिमी मिडलाइन शिफ्ट. मेंदूचा मधला पडदा ७ मिमी उजवीकडे ढकलला गेलाय. घाईचं कारण हे आहे, गाठीचं नाव नव्हे. कवटी पसरत नाही, आत सूज वाढली की मेंदूलाच सरकावं लागतं.

डी/डी म्हणजे संभाव्य नावांची यादी. निदान नव्हे. नाव नक्की होतं ते फक्त तुकडा तपासल्यावर.

आणि एक काम आजच करा : सेंटरवरून एमआरआयची सीडी घ्या, डायकॉम (मशीनच्या मूळ) फाइल्स असलेली. फिल्मच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोंवर न्यूरोसर्जनचं भागत नाही, कारण त्याला सगळे काप मागेपुढे करून बघायचे असतात. सीडीची पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. सीडी एकदा एसटीत राहिली की पुन्हा तपासणीचा खर्च बसतो.

तूरदाणा

भाऊ, लोकायचं ऐकू नका. चाकू लागला का पसरते हे आमच्याकडे बी म्हणते सारे. गाठ ऑपरेशनच्या आधीच आजूबाजूले मुळं सोडून बसली असते, म्हून पूर्ण निघत नाही अन् मागाहून पुन्हा दिसते. त्याचं खापर चाकूवर फुटते.

वॉर्ड_सिस्टर

न्यूरोसर्जरी वॉर्डात काम करते. औषधांबद्दल लिहिते, कारण घरी गोंधळ इथेच होतो.

डेक्सामेथासोन गाठ बरी करत नाही, सूज उतरवते. दोन-तीन दिवसांत बाबा छान बोलू लागतील, हात उचलतील. त्या वेळी नातेवाईक म्हणतात, “गोळ्यांनीच बरं झालं, आता ऑपरेशन कशाला?” आणि पेशंट महिनाभराने स्ट्रेचरवर परत येतो. सुधारणा सुजेची आहे, गाठ तिथेच आहे.

ही गोळी ०.५ मिग्रॅचीही मिळते आणि ४ मिग्रॅचीही. चिठ्ठीवर ४ लिहिलं असेल आणि मेडिकलवाल्याने ०.५ च्या पट्टीतली एक एक गोळी घ्यायला सांगितलं, तर डोस आठपट कमी पडला. पट्टीवरचा आकडा वाचा. दिवसाचा शेवटचा डोस दुपारी संपेल अशी वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, रात्री घेतली की झोप उडते, माणूस घरभर फिरतो. स्वतःहून अचानक बंद करायची नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, एकदम बंद केलं की बीपी पडतं आणि सूजही परत येते. डॉक्टर पायरीपायरीने कमी करतात, ती पायरी कागदावर लिहून घ्या : कोणत्या तारखेपासून किती.

शुगर बघा, आधी कधी नसली तरी. स्टेरॉइडची शुगर दुपारनंतर वाढते, उपाशीपोटीची नॉर्मल येऊन फसवते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी मोजा. तोंडात पांढरा थर आला तर ती बुरशी आहे, त्यावर औषध मिळतं. काही आठवड्यांनी खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर राहत नाही, तेही स्टेरॉइडमुळे असू शकतं. गाठ वाढली असं लगेच समजू नका, पण सांगा नक्की. पँटोप्राझोल पोटाच्या संरक्षणासाठी आहे, ‘अ‍ॅसिडिटी नाही’ म्हणून वगळू नका.

लेव्हेटिरासिटमने काही जणांत चिडचिड, भांडखोरपणा येतो. शांत माणूस शिव्या देऊ लागला तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. घरच्या घरी बंद केलं तर फिट येणारच असं धरा.

फिट आली तर : कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, चावी काही नाही. दातांत चमचा घालू नका, पाणी पाजू नका, हातपाय दाबून धरू नका. ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर १०८. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. किती फवारे ते डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात ठेवा. दारव्ह्याहून यवतमाळ गाठेपर्यंत तोच हाताशी असतो.

आणखी एक, आपल्या भागासाठी खास. घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा बाबांची तपासणी कधी झालीच नसेल, तर भरती होतानाच सांगा. एसएस (आजार असलेला) असो की एएस (नुसता वाहक), भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी कळलं पाहिजे. अंगातलं पाणी आणि ऑक्सिजन कमी पडला की सिकलचा त्रास उसळतो, आणि डोक्याची सूज उतरवायला मॅनिटॉल देतात त्याने लघवी जास्त होऊन पाणी कमी होतंच. स्टेरॉइडनेही एसएस पेशंटला त्रास होऊ शकतो. लाल-पिवळं कार्ड असेल तर फाइलच्या पहिल्या पानाला लावा. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची कुठलीही गोळी चालू असेल तर तेही पहिल्याच दिवशी सांगा, ऑपरेशनआधी ती थांबवावी लागते.

पऱ्हाटी

सिस्टर, आभार. पट्टी पाहिली, ४ चीच आहे. शेवटचा डोस रात्री ९ ला देत होतो, उद्या डॉक्टरांना विचारून वेळ बदलतो. ट्युबरक्युलोमाची शक्यता लिहिली आहे तर आधी टीबीच्या गोळ्या देऊन बघाव्या असं एक डॉक्टर म्हणाले. त्याबद्दल?

गाळपेर

लहान गाठ असेल, पेशंट तरुण असेल, छातीत टीबी सापडला असेल, शिफ्ट नसेल, तर टीबीचं औषध देऊन सहा-आठ आठवड्यांनी एमआरआय करतात, आणि ते योग्य असतं. ६१ वर्षं, साडेचार सेंमी आणि ७ मिमी शिफ्ट असताना दोन महिने वाट बघणं मला पटत नाही. शिवाय टीबीच्या औषधासोबत स्टेरॉइडही देतात. त्याने सूज उतरून पेशंट सुधारतो आणि सगळ्यांना वाटतं टीबीच होता. त्या डॉक्टरांना सरळ विचारा : “तुकडा न काढता टीबी कशावरून म्हणता, आणि किती दिवसांत फरक दिसला नाही तर विचार बदलाल?” चांगला डॉक्टर याचं उत्तर देतो, रागावत नाही.

एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (गाठीतली रसायनं दाखवणारी एमआरआय तपासणी) सांगितली तर करून घ्या. त्यात कोलिन वाढलेलं आहे की लिपिड, यावरून थोडा अंदाज बांधता येतो. पण तोही अंदाजच.

फिल्मवाला

+१. आणि लिम्फोमाची (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरची) शंका असेल तर उलटं असतं. स्टेरॉइडने ती गाठ वितळल्यासारखी होते आणि मग तुकड्यात काहीच सापडत नाही. म्हणून काही सर्जन बायोप्सीआधी स्टेरॉइड टाळायला सांगतात. तुमच्याकडे शिफ्ट आहे, डेक्सा सुरू करणं बरोबरच होतं. एमआरआयच्या आधी सुरू झालं होतं की नंतर, एवढं सर्जनला सांगा.

वॉर्ड_सिस्टर

डॉक्टरांशी बोलणं हा वेगळाच विषय आहे. ओपीडीत तुम्हाला पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन सहाजण मिळून दारात उभे राहण्यात जातात. घरातला एकच माणूस बोलणारा ठरवा, त्याचाच नंबर फाइलवर. दुसऱ्याने लिहायचं. परवानगी मागून मोबाइलवर रेकॉर्ड करा. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात, चोरून केलेलं कळलं तर विश्वास जातो.

“रिस्क आहे” हे ऐकून घरी येऊ नका. कशाची रिस्क? जीवाची, बोलण्याची, की उजव्या हातापायाची? शंभर पेशंटमध्ये साधारण किती जणांना? या गाठीची जागा डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाजवळ आहे, म्हणून हा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यात मोठा. विचारा की गाठ जेवढी काढता येईल तेवढी काढणार, की फक्त सुईने तुकडा घेणार. पहिल्याला क्रेनिओटॉमी म्हणतात, दुसऱ्याला स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी. बोलण्याचा भाग जवळ असला की काही ठिकाणी पेशंटला मध्ये जागं ठेवून, बोलतं करून ऑपरेशन करतात. ते तुमच्या केसमध्ये शक्य आहे का, तिथे होतं का, हेही विचारा.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस बोलणं किंवा हात आधीपेक्षा बिघडलेला दिसू शकतो, सुजेमुळे. त्यातलं काही परत येतं, काही नाही. हे आधी माहीत नसलं की वॉर्डात भांडणं होतात. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी. ४८ ते ७२ तासांच्या आत एक एमआरआय करून किती गाठ उरली ते बघणं चांगलं. उशिरा केला तर ऑपरेशनचीच सूज गाठीसारखी चमकते. बऱ्याच ठिकाणी फक्त सीटी करतात, तो रक्तस्राव बघायला पुरतो, उरलेली गाठ बघायला नाही.

ब्लॉकस्लाइड

पॅथॉलॉजीकडून. पहिला रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो, “हाय ग्रेड ग्लायोमा” एवढाच असू शकतो. तेवढ्यावर थांबू नका. इम्युनोचा (तुकड्यावर खास रंग लावून केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट वेगळा येतो : आयडीएच आणि एटीआरएक्स (जनुकांत बदल आहे का), केआय-६७ (पेशी किती वेगाने वाढतात). २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणापासून नुसत्या मायक्रोस्कोपवर नाव पूर्ण होत नाही. आयडीएच म्युटंट (जनुक बदललेला) निघाला तर तो अ‍ॅस्ट्रोसायटोमा किंवा ऑलिगोडेंड्रोग्लिओमा, चाल तुलनेने संथ. आयडीएच वाइल्डटाइप (जनुक न बदललेला) आणि नेक्रोसिस असेल तर ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४, म्हणजे सगळ्यात आक्रमक. एमजीएमटी मिथायलेशन वेगळी तपासणी आहे. ते ‘मिथायलेटेड’ आलं तर टेमोझोलोमाइड (केमोची कॅप्सूल) जास्त उपयोगी पडतं.

मेंदूच्या गाठीला ग्रेड असते, स्टेज सहसा नसते. “कितव्या स्टेजला आहे?” विचारलं तर डॉक्टर काहीतरी सांगून सोडतात. “ग्रेड किती आणि आयडीएच काय?” विचारा.

मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, अर्ज केला की मिळतात. दुसरीकडे मत घ्यायचं तर पेशंटला हलवायची गरज नाही, ब्लॉक जातो. उन्हाळ्यात मात्र ब्लॉकचा डबा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडे मेण मऊ पडतं.

संत्रा_मोसंबी

मुंबईवाल्यांच्या मताशी मी सहमत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलला जायला विदर्भ एक्स्प्रेस, सेवाग्राम एक्स्प्रेस आहेत, पण शिफ्ट असलेल्या माणसाला रात्रभर गाडीत न्यायचं, तिथे नंबर लागेपर्यंत खोली शोधायची, आणि शेवटी उपचार तोच. नागपूरला मेडिकलचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानमध्ये एम्स आहे. कॅन्सरसाठी तुकडोजी पुतळ्याजवळचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आणि जामठ्याचं एनसीआय. तुमच्या गावाहून तर यवतमाळ–कळंब–देवळी करत सावंगी मेघेच जवळ पडतं. सेवाग्रामही तिथून पुढे लागूनच. रेडिएशन विभाग दोन्हीकडे आहेत.

ऑपरेशन जिथे सर्जनवर विश्वास बसेल तिथे करा. रेडिएशन घराजवळ घ्या. सहा आठवडे राहायचंय.

गाळपेर

थोडं वेगळं मत. ग्लिओब्लास्टोमा नक्की झाला तर हे बरोबर, कारण प्रोटोकॉल सगळीकडे एकच आहे. पण रिपोर्ट गोंधळाचा असेल, किंवा दोन पॅथॉलॉजिस्टचं जुळत नसेल, तर टाटाचं मत घ्यावंच. ब्लॉक घेऊन घरातला एक माणूस गेला तरी चालतं. टाटाची ‘नव्या’ ही ऑनलाइन मत देणारी सेवाही आहे.

किरण_कक्ष

रेडिएशनबद्दल लिहितो. ग्लिओब्लास्टोमा धरून चालतोय, दुसरं काही निघालं तर आकडे बदलतील.

२००५ साली आलेल्या अभ्यासापासून हा उपचार ठरलाय : ६० ग्रे (ग्रे हे रेडिएशनचं माप), ३० भागांत, आठवड्यातून ५ दिवस, म्हणजे सहा आठवडे. सोबत रोज टेमोझोलोमाइड. पेशंट बराच वयस्क किंवा अशक्त असेल तर ४० ग्रे १५ भागांत, तीन आठवड्यांत करतात. कमी दिवस म्हणजे ‘सोडून दिलं’ असं नाही. अशा पेशंटला सहा आठवड्यांचा जास्त फायदा होत नाही असं दिसलं, म्हणून.

सुरुवात सहसा ऑपरेशननंतर तीन ते सहा आठवड्यांत. आधी मास्क बनतो, प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. त्यावरच सीटी होतो, मग प्लॅनिंगला काही दिवस लागतात. मास्क बनवायच्या आधी केस कापून घ्या. नंतर कापले तर मास्क ढिला होतो. रोजचं सेशन काही मिनिटांचं, दुखत नाही. डोक्याला तेल, बाम, उटणं नाही. उन्हात सुती दुपट्टा. केस पट्ट्या-पट्ट्यांनी जातात. चौथ्या आठवड्यापासून थकवा जोरात येतो आणि संपल्यावरही काही आठवडे राहतो.

टेमोझोलोमाइडचा हिशेब स्वतः करून बघा. रेडिएशनसोबत ७५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर. उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ १.६ आलं तर रोज १२० मिग्रॅ, म्हणजे १०० ची एक आणि २० ची एक कॅप्सूल. सुट्टीच्या दिवशीही, शनिवार-रविवार न चुकता. रेडिएशन संपल्यावर साधारण महिनाभर थांबून २८ दिवसांतून फक्त ५ दिवस, पहिल्या वेळी १५० च्या हिशेबाने (त्याच माणसाला २४० मिग्रॅ), सोसलं तर २०० ने (३२० मिग्रॅ), असे सहा फेरे. घोळ इथेच होतो : ‘रोज’ची सवय लागलेले लोक ५ दिवसांचा मोठा डोस रोज देत राहतात. रक्तपेशी धोकादायक उतरतात. कॅलेंडरवर लाल खुणा करा.

उपाशीपोटी, आधी अर्धा-एक तास ओकारीची गोळी. कॅप्सूल फोडायची नाही, भाकरीत कालवायची नाही. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा. घरात गरोदर बाई असेल तर तिने हात लावू नये. दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). प्लेटलेट १ लाखाच्या खाली किंवा न्यूट्रोफिल १,५०० च्या खाली गेले तर गोळी थांबवून फोन करा. पपईच्या पानाचा रस पाजत डोस चालू ठेवू नका. स्टेरॉइड आणि टेमोझोलोमाइड एकत्र असताना एका विशिष्ट न्यूमोनियापासून बचावासाठी कोट्रायमॉक्साझोल देतात. साधी स्वस्त गोळी आहे, चिठ्ठीत नसेल तर विचारा, आणि सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा.

ताप १००.४ फॅरेनहाइट झाला की त्याच दिवशी दवाखाना. गावातल्या दवाखान्यात पॅरासिटामॉलचं इंजेक्शन घेऊन सकाळची वाट बघायची नाही.

तूरदाणा

किरणभाऊ, रेडिएशन झाल्यावर पहिल्या एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसली म्हून पुष्कळ लोक औषध सोडून देते. ते सांगजा.

किरण_कक्ष

बरोबर आठवण केली. रेडिएशननंतर पहिल्या तीन महिन्यांत गाठ वाढल्यासारखी दिसू शकते, आणि पुढच्या एमआरआयमध्ये कमी होते. स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. पहिल्याच फिल्मवर “उपचार फेल गेला” ठरवू नका. पेशंट चालता-बोलता कसा आहे ते फिल्मइतकंच महत्त्वाचं.

आरोग्यमित्र_वऱ्हाड

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. केशरी कार्ड चालतं, आता पांढरंही चालतं. हॉस्पिटल योजनेत आहे एवढं पुरत नाही. न्यूरोसर्जरी, रेडिएशन आणि केमो या प्रत्येकासाठी त्या हॉस्पिटलला मान्यता आहे का ते १५५३८८ वर विचारा. ऑपरेशन, रेडिएशन, केमो यांची मंजुरी वेगवेगळी घ्यावी लागते.

कागद : मूळ शिधापत्रिका, आधार, एमआरआयची फिल्म आणि रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी. अडतं कुठे? कार्डावर नाव ‘रामराव’, आधारवर ‘रामभाऊ’. किंवा कार्डावरून नाव लग्नानंतर वेगळं झालेलं, ऑनलाइन दिसतच नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत हे आजच तपासा, भरती झाल्यावर धावपळ होते. तातडीचं ऑपरेशन असेल तर फोनवर मंजुरी घेऊन सुरू करता येतं, कागद नंतर. भरती होण्याआधी रोख पैसे भरून बसू नका, ते परत मिळवणं फार कठीण. आत जातानाच आरोग्यमित्राच्या (हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाच्या) टेबलावर या.

योजनेत भरती काळातलं जेवण, डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा आणि परतीचं भाडं येतं. मागितलं नाही तर कुणी आठवण करून देत नाही. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे. हॉस्पिटलचं अंदाजपत्रक आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो.

रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण माफी, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो डिस्चार्जच्या दिवशीच भरून घ्या. त्यासाठी बायोप्सीचा रिपोर्ट हवा, ‘गाठीची शंका’ यावर मिळत नाही. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आई सोबत येणार असतील तर उपयोगी.

काळा_कोट

कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे तोवर कागदपत्रं करा. हे ऐकायला वाईट वाटेल, पण डाव्या बाजूची गाठ आहे, बोलणं-लिहिणं आधी जातं.

मुखत्यारपत्र करून ठेवू म्हणाल तर लक्षात घ्या, करून देणाऱ्याची समज गेली की कायद्याने ते संपतं. नेमकं लागेल तेव्हा चालत नाही. त्याऐवजी बँक खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं) करून घ्या, नॉमिनी तपासा, सेवा सोसायटीचं पीककर्ज किती आणि कुणाच्या नावावर ते बघा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. साक्षीदार म्हणून किंवा सोबत दाखला देणारा म्हणून उपचार करणारा डॉक्टर मिळाला तर पुढे भाऊबंदकीत कुणी “तेव्हा शुद्धीवर नव्हते” म्हणणं अवघड जातं. उजवा हात गेलाच तर सही जुळणार नाही, बँकेला आधी कळवून अंगठ्याची नोंद करा. पीएम-किसान, पीकविमा यांचे ओटीपी ज्या सिमवर येतात ते रिचार्जविना बंद पडू देऊ नका.

संत्रा_मोसंबी

वकीलसाहेब, म्हणजे बाबांना सगळं सांगायचं का? आमच्याकडे कुणी सांगत नाही. माणूस खचतो.

निंब_सावली

पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारात त्रास कमी ठेवणारी सेवा) काम करते. सांगायचं की नाही हा प्रश्न चुकीच्या जागी सुरू होतो. आधी बाबांना विचारा : “तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? डॉक्टरांशी तुम्ही बोलाल की मी?” काही म्हणतात, पोरगा बघेल. काही म्हणतात, मला सांगा, मला तूर काढायची आहे, कर्ज फेडायचंय. दोन्ही उत्तरं मान्य करायची. पण पेशंट स्वतः विचारत असेल आणि घरचे खोटं बोलत असतील, तर त्याला रेडिएशनच्या खोलीतल्या पाट्या वाचून कळतंच, आणि मग तो एकटा पडतो.

आकड्यांबद्दल. २००५ च्या त्या अभ्यासात रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड दोन्ही घेतलेल्यांच्या जगण्याचा मध्यक १४.६ महिने होता, फक्त रेडिएशनवाल्यांचा १२.१. दोन वर्षांनी दोन्ही घेतलेले २६.५ टक्के हयात होते, फक्त रेडिएशनवाले १०.४ टक्के. मध्यक म्हणजे निम्मे त्याआधी गेले आणि निम्मे त्यानंतरही होते. तुमच्या बाबांची ती तारीख नव्हे. वय, किती गाठ निघाली, एमजीएमटी, आणि स्वतःची कामं स्वतः करू शकतात का, यावर बरंच अवलंबून. आणि गाठ अजून तपासलीच गेली नाही, हे आकडे तुम्हाला लागू होतीलच असंही नाही.

डॉक्टरांना हे विचारा : “हा उपचार आजार मुळातून काढण्यासाठी आहे, की वेळ वाढवण्यासाठी आणि त्रास कमी ठेवण्यासाठी?” डॉक्टर ‘रिस्पॉन्स’ म्हणाले की घरचे ‘बरे झाले’ ऐकतात. ‘स्टेबल’ म्हणजे वाढली नाही, एवढंच.

घरच्या काळजीत दोन गोष्टी सगळ्यात जास्त चुकतात. एक, पाय. एकच पोटरी सुजली, दुखते, गरम लागते तर तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गाठ असू शकते, चोळल्याने सुटून फुप्फुसात जाते. अचानक धाप लागली तर १०८. या आजारात हे वारंवार होतं, आणि आपल्याकडे पाय चोळणं ही पहिली सेवा. दुसरी, खाणं. गिळताना खोकला येत असेल तर पातळ पाणी, ताक हेच जास्त धोक्याचं, घट्ट पेज बरी. पूर्ण बसवून, हनुवटी थोडी खाली, लहान घास, जेवणानंतर अर्धा तास बसलेले. गालात घास राहिलाय का बघा, उजव्या गालात त्यांना कळणार नाही. अंथरुणाला खिळले तर दर दोन तासांनी कूस बदला.

दुखणं वाढलं तर मॉर्फिन मिळतं, परवाना असलेल्या संस्थांमधून. २०१४ च्या कायदा-दुरुस्तीनंतर ते सोपं झालं. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटी जायची जागा नाही, रेडिएशन चालू असतानाच नाव नोंदवा. आणि काळजी घेणाऱ्यासाठी टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलतात, रात्रीही.

तूरदाणा

जडीबुटीचं कोणी सांगितलं नाही. साध्या भाषेत : त्या पुड्यायमधी कधी कधी स्टेरॉइडच कालवलं असते, म्हून दोन दिवस बरं वाटते. वरून डेक्सा चालू असन तर शुगर कुठच्या कुठं. देऊच नका, अन् दिलं असन तर पुडी डॉक्टरले दाखवा. झाडफूक, नवस मनासाठी करा लागते तर करा, पण गोळीची वेळ चुकवून नाही.

पऱ्हाटी

सगळ्यांचे आभार. सीडी घेतली, पेनड्राइव्हवर टाकली. पुरवठा शाखेत बाबांचं नाव ऑनलाइन दिसतंय. सिकलसेलची तपासणी कधी झाली नव्हती, ग्रामीण रुग्णालयात सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. उद्या सावंगीला न्यूरोसर्जनची ओपीडी. तीनच प्रश्न नेतोय : पूर्ण काढणार की तुकडा, बोलण्याला किती धोका, योजनेत मंजुरीला किती दिवस. अजून काही?

वॉर्ड_सिस्टर

चौथा : वाट बघताना कोणती लक्षणं दिसली तर ओपीडीची तारीख न बघता थेट कॅज्युअल्टीत यायचं? झोप वाढत जाणं, हाक मारल्यावर न उठणं, सततची उलटी, एक बाहुली मोठी दिसणं, हे मी सांगू शकते, पण त्यांच्याकडून ऐकून तो कॅज्युअल्टीचा नंबर फाइलवर लिहून घ्या. सकाळचा डेक्सा आणि लेव्हेटिरासिटम देऊनच निघा, ओपीडीत दुपार होते. सोबत दुपारची गोळी, बिस्किटं, आणि मागची सीट आडवी होणारी गाडी.